थंडीत छोट्या विमानाचं इंजिन प्रीहीट कसं करायचं: मराठवाड्यातून बाहेर फ्लाइंग शिकायला जाणाऱ्यांसाठी

लातूर, नांदेड, परभणी, बीडकडची बरीच पोरं-पोरी आता सीपीएल म्हणजे कमर्शियल पायलटचं लायसन्स करायला कॅनडा नाहीतर अमेरिकेच्या वरच्या राज्यांत जायलेत. ऑगस्ट-सप्टेंबरात पोचतात, पहिले दोन महिने मस्त जातात, मग एकदम असली थंडी पडते की जी आपण जन्मात बघितलेली नसते. आपल्याकडं पारा ८ वर आला तरी पेपरात बातमी येते अन गल्लीत शेकोट्या पेटतात. तिकडं विनिपेगला जानेवारीत रात्री उणे २० च्या आसपास नेहमीचं असतं, मेटारमधे म्हणजे एअरपोर्टच्या हवामान रिपोर्टमधे एम१८ लिहिलेलं दिसतं म्हणजे उणे १८, आणि तुमचं छोटं सेसना विमान रात्रभर रॅम्पवर, म्हणजे विमानं लावायच्या जागेवर, उघड्यात उभं असतं. सकाळी इन्स्ट्रक्टर सहज म्हणतो की इंजिन प्रीहीट (चालू करायच्या आधी गरम) झालंय का बघून घे, अन नवीन पोराला नेमकं बघायचं काय हेच माहीत नसतं, विचारायला लाज वाटते म्हणून नुसतं हो म्हणून मोकळं होतात. म्हणून हे सविस्तर लिहायलोय, जाण्याआधी एकदा नीट वाचा.

आधी आकडे. तुमच्या विमानाच्या पीओएचमधे, म्हणजे विमानासोबत येणाऱ्या कंपनीच्या पुस्तकात, जे लिहिलंय ते सगळ्यात वर, त्याच्याखाली इंजिन बनवणाऱ्या कंपनीची, म्हणजे लायकॉमिंग, कॉन्टिनेंटल वगैरेची सूचना, आणि मी किंवा दुसरा कोणी सांगतो ते त्याच्याही खाली. लायकॉमिंग म्हणतं की बहुतेक इंजिनांना उणे १२ च्या खाली प्रीहीट करा, पण त्यांची जी ७६ सिरीज आहे तिला उणे ७ च्या आसपासच करायला लागतं. हे ७६ सिरीज प्रकरण लक्षात ठेवा कारण जुन्या सेसना १७२एन मधे ओ-३२०-एच इंजिन असतं ते ह्याच सिरीजचं, आणि बाजूलाच उभ्या असलेल्या नवीन १७२एस मधे आयओ-३६० असतं त्याला दुसरा आकडा लागू. दिसायला दोन्ही १७२च. कॉन्टिनेंटल म्हणतं की इंजिन उणे ७ किंवा त्याखाली दोन तास किंवा जास्त राहिलं असेल तर प्रीहीट पाहिजेच, आणि त्यात ते वारा पण धरतात. वाऱ्यानं इंजिन बाहेरच्या हवेपेक्षा जास्त थंड होत नाही हे खरंय, पण लवकर थंड होतं, म्हणून दोन फ्लाइटच्या मधे जेवायला गेलात अन वारा सुटलेला असेल तर तेवढ्यात सुद्धा इंजिन पार गार पडू शकतं.

हे कमीत कमी आकडे आहेत बरं का. उणे ५ ला प्रीहीटची सोय हाताशी असेल तर लावाच, इंजिनाला त्यात फायदाच आहे.

मग आपल्याकडं काय, असं इथं बारामती नाहीतर गोंदियाला शिकणारे विचारतात. आपल्याकडच्या डिसेंबर-जानेवारीत प्रीहीटर लागत नाही, पण तेलाचा ग्रेड बघा. लायकॉमिंगच्या तक्त्यात एसएई ५० म्हणजे आपण ज्याला डब्ल्यू १०० म्हणतो ते तेल साधारण १५-१६ अंशांच्या वरच्या हवेसाठी दिलंय, आणि मराठवाड्यात हिवाळ्यात पहाटे ९-१० अंश म्हणजे काही विशेष नाही. उन्हाळ्यात ४२-४३ अंशांत जे तेल चांगलं चाललं तेच जानेवारीच्या पहिल्या सॉर्टीला म्हणजे उड्डाणाला जड पडतं. एकतर हिवाळ्यात त्याहून पातळ डब्ल्यू ८० करा नाहीतर सरळ १५डब्ल्यू-५० सारखं मल्टिग्रेड वर्षभर ठेवा, अर्थात इंजिनिअरला विचारूनच. एवढं केलं तरी इथल्या थंडीचा प्रश्न बऱ्यापैकी मिटतो.

आता थंडीत इंजिनाचं नेमकं बिघडतं काय ते समजून घ्या, कारण हे समजलं की बाकीचं पाठ करायला लागत नाही. पहिलं म्हणजे तेल घट्ट होतं, पंप ते ओढायला बघतो पण पाइपातून, फिल्टरमधून, ऑइल कूलरमधून ते पुढं सरकतच नाही, आणि लायकॉमिंगमधे कॅमशाफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा क्रँकच्या म्हणजे पिस्टननं फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या वर असतो, त्याच्यावर तेल उडून जातं तेव्हा पोचतं, म्हणजे चालू झाल्यावरचा पहिला थोडा वेळ कॅम अन टॅपेट जवळजवळ कोरडेच घासतात. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे अन कमी लोकांना माहीत असतं. क्रँककेस म्हणजे इंजिनाची बाहेरची पेटी, तो ॲल्युमिनियमचा असतो अन क्रँकशाफ्ट स्टीलचा. ॲल्युमिनियम थंडीत स्टीलच्या जवळपास दुप्पट आकसतं. म्हणजे बाहेरची केस आवळते, आतला शाफ्ट तेवढा लहान होत नाही, आणि दोघांच्या मधे बेअरिंगला तेलासाठी जी बारीकशी फट ठेवलेली असते तीच कमी होते. आधीच फट कमी, त्यात तेल घट्ट, ते त्या फटीत शिरणार कसं. पिस्टनचं अजून वेगळंच, पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि सिलिंडरचा बॅरल स्टीलचा, चालू केलं की पिस्टन झटकन तापून फुगतो आणि बॅरलला बाहेरून फिन्स असल्यामुळं तो गारच राहतो, मग पिस्टन भिंतीला घासतो, ओरखडे पडतात.

आणि ह्यातलं काहीच त्या दिवशी दिसत नाही. इंजिन चालू होतं, फ्लाइट होते, परत येता, लॉगबुक भरता. ज्या इंजिनानं ओव्हरहॉलपर्यंत २००० तास काढायचे असतात ते मधेच तेलात धातूचा चुरा दाखवायला लागतं आणि तेव्हा कोणालाच आठवत नाही की जानेवारीत कोणत्या सकाळी घाई झाली होती.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी एवढं लिहितोय. अर्धवट प्रीहीट हा प्रीहीट न करण्यापेक्षा वाईट आहे. हिवाळ्यात आपल्या घरी खोबरेल तेलाची बाटली गोठते, ती चुलीजवळ धरली की कडेचं तेल वितळतं, बाहेरून बघितलं तर झालं असं वाटतं, पण मधला गोळा तसाच असतो, तेच इंजिनाचं होतं. दहा मिनिटं समोरून गरम हवा मारली की सिलिंडर हेड गरम होतात, पेट्रोलची वाफ व्हायला लागते, स्टार्टर मारला की इंजिन लगेच पकडतं आणि सगळे खुश. पण खाली समपमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीतलं, तेल तसंच घट्ट, क्रँककेस तसाच आवळलेला, ऑइल कूलर तसाच बसलेला. पूर्ण गार इंजिन निदान चालूच होत नाही, म्हणजे स्वतःला वाचवतं तरी. वरवर गरम केलेलं इंजिन चालू होतं आणि आतून झिजतं. लायकॉमिंग पण स्वतःच्या सूचनेत हेच बजावून सांगतं की वरवरची गरमी धोक्याची आहे.

तर ती गरमी आतपर्यंत न्यायची कशी. सगळ्यात चांगलं म्हणजे गरम हँगर, रात्रभर आत ठेवलं की सगळं इंजिन, बॅटरी, गायरो, केबिन एकसारखं गरम. शाळेत हँगरची जागा मिळत असेल अन थोडे पैसे जास्त लागत असतील तर फार थंडीच्या दिवसात ते पैसे द्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे. एकच जपायचं, गरम हँगरमधून विमान बर्फ पडत असताना बाहेर काढलं तर पंखावर पडलेला बर्फ आधी वितळतो आणि मग तिथंच गोठून चिकटतो, तो झटकून निघत नाही. तसल्या पंखावर टेकऑफ करायचा नाही म्हणजे नाही.

दुसरी पद्धत इंजिनालाच बसवलेले इलेक्ट्रिक हीटर, टॅनिस आणि रीफ ही कंपन्यांची नावं तुम्हाला तिकडं सारखी ऐकू येतील. समपच्या खाली एक पॅड, प्रत्येक सिलिंडरला एक एलिमेंट, आणि काउलिंगमधून म्हणजे इंजिनावरच्या झाकणातून बाहेर लोंबणारा एक प्लग. संध्याकाळी प्लग लावायचा, वरून काउलवर जाड रजई टाकायची, पुढच्या हवेच्या भोकांत फोमचे प्लग घालायचे आणि सकाळी इंजिन आतून बाहेरून गरम. वॉट कमी असतात म्हणून वेळ लागतो, पाच-सहा तास तरी धरा, रात्रभर असेल तर उत्तम. रजई नसेल तर ह्या हीटरचा निम्मा उपयोग वाऱ्यावर जातो. प्रोपेलर पण उष्णता ओढून घेतो, एवढा मोठा धातूचा पंखा क्रँकशाफ्टलाच बोल्ट केलेला असतो, म्हणून फार थंडीत प्रोपेलर आणि स्पिनरला पण कव्हर घालतात. फक्त समपचा पॅड असेल अन सिलिंडरला काही नसेल तर रजईशिवाय वरचा भाग गरम होणारच नाही.

इथं एक चूक बरेच जण करतात, आठवडाभर प्लग लावूनच ठेवतात की बाबा कधी पण उडायला तयार. असं करू नका. तेलात जो पाण्याचा अंश असतो तो खालच्या गरमीनं वर उठतो आणि वरच्या गार कॅमवर, सिलिंडरच्या भिंतीवर जाऊन बसतो, मग गंज. कॉन्टिनेंटलनं तर सांगितलंय की फ्लाइटच्या आधी २४ तासांपेक्षा जास्त वेळ असा हीटर लावून ठेवू नका. उद्या सकाळी उडायचंय तर आज संध्याकाळी लावा, रद्द झालं तर काढून टाका. एक्स्टेंशन वायर जाड आणि बाहेरच्या वापराची घ्या, बारीक वायर रात्रभर तापते. आणि तिकडचे हीटर ११०-१२० व्होल्टचे असतात, कोर्स संपल्यावर आठवण म्हणून किंवा स्वस्त मिळाला म्हणून इकडं आणून आपल्या २३० व्होल्टवर लावायचा विचार पण करू नका.

तिसरी पद्धत गरम हवेचा भोंगा, म्हणजे केरोसीन नाहीतर प्रोपेनवर चालणारा मोठा हीटर आणि त्याला लावलेले जाड पाइप. रात्री प्लग लावायचा राहिला किंवा दुसऱ्या गावच्या एअरपोर्टवर रात्र काढली की हाच कामाला येतो. कॉन्टिनेंटल कमीत कमी ३० मिनिटं सांगतं, फार थंडीत तास पण लागतो. दोन पाइप असतील तर एक खालून काउलिंगच्या मागच्या उघड्या जागेतून समपकडं आणि एक समोरच्या भोकातून. एकच असेल तर आधी खालून, समप, ऑइल कूलर, फिल्टर, तेलाचे पाइप, मग सिलिंडर. एकाच जागी धरून ठेवायचं नाही. पाच-दहा मिनिटं द्या, थांबा, हात लावून बघा गरमी टिकतीय का, पुन्हा द्या. मधे थांबल्यावरच बाहेरची गरमी आत मुरते. शेवटची पाच मिनिटं वरच्या बाजूला द्या आणि त्यानंतर लगेच स्टार्ट, कॉफी प्यायला जायचं नाही.

ह्या भोंग्यानं विमानं जळलेली आहेत, म्हणून हे पोटतिडकीनं सांगतो. लावायच्या आधी काउलिंगखाली पेट्रोल ठिबकतंय का वास येतोय का बघा. फायर एक्स्टिंग्विशर हातात येईल असं ठेवा. हीटर विमानापासून पाइप पुरेल तेवढा लांब आणि फ्युएल व्हेंट म्हणजे पेट्रोल टाकीच्या हवेच्या नळीपासून दूर. चालू असताना इंधन भरायचं नाही. पाइपाच्या तोंडासमोर हात धरून बघा, हात ठेववत नसेल तर आतल्या वायरी, रबरी होज अन प्लॅस्टिकला पण ते सोसणार नाही. आणि विमानाला एकटं सोडून जायचं नाही, कितीही थंडी वाजली तरी. घरात वापरायचा रूम हीटर काउलिंगमधे घालून रात्रभर सोडणारे लोक पण असतात, तुमचा कोणी रूममेट असं करत असेल तर त्याला थांबवा.

आता गरम झालं की नाही हे ओळखायचं कसं. सिलिंडरला हात लावून फसू नका. ऑइल फिल्टरला हात लावा, ऑइल कूलरला लावा, पोचत असेल तिथून क्रँककेसला लावा. ह्या तीन जागा हाताला कोमट लागल्या पाहिजेत, नुसतं गार नाही एवढ्यावर भागत नाही. मग डिपस्टिक बाहेर काढा आणि टोकाकडं बघा. तेल पटापट थेंब थेंब पडत असेल तर बरं. टोकाला लोंबकळून राहिलं, धागा धरला, पडायचं नावच घेत नसेल तर अजून वेळ आहे. पुढं जाऊन स्पिनरच्या मागं प्रोपेलरच्या मुळाशी हात लावा, रात्रभर नीट तापलेल्या इंजिनाचा तो भाग बाकीच्या पात्याइतका बर्फगार लागत नाही, कारण क्रँकशाफ्टमधून गरमी तिथपर्यंत आलेली असते. प्रोपेलरला हात लावताना मॅग्नेटो (प्लगला ठिणगी देणारं यंत्र) ऑफ, किल्ली डॅशवर सगळ्यांना दिसेल अशी, आणि तरीही तो आत्ता फिरणार आहे असंच धरून चालायचं. मॅग्नेटोची एक वायर तुटली असली तर स्विच ऑफ असूनही ठिणगी पडते. प्रोपेलर हातानं फिरवणं इन्स्ट्रक्टरनं समोर उभं राहून शिकवल्याशिवाय करू नका.

अजून एक जागा, जी कोणी बघत नाही, ती म्हणजे ब्रीदर ट्यूब. इंजिनच्या आतली वाफ बाहेर सोडणारी नळी काउलिंगखाली उघडते, तिच्या टोकाशी पाणी गोठून बर्फाचा बूच बसतो. मग आतला दाब जायला जागा नाही, तो क्रँकशाफ्टचं पुढचं सील उडवतो आणि सगळं तेल बाहेर. वाकून बघा, बर्फ दिसला तर गरम हवा द्या.

बॅटरी विसरू नका. उणे १८ ला तिची ताकद निम्म्यावर येते आणि तेल घट्ट असल्यानं स्टार्टरला लागतं मात्र जास्त. उतरलेली बॅटरी तर त्या थंडीत चक्क गोठून फुटू शकते, भरलेली गोठत नाही. तितक्या थंडीत सेसनाचं पीओएच पण बाहेरचा प्रीहीटर आणि बाहेरची पॉवर दोन्ही वापरा असंच सांगतं.

स्टार्ट करताना प्राइम, म्हणजे आधी आत सोडायचं जादा पेट्रोल, किती द्यायचं ते पीओएचमधल्या थंडीच्या पानावरून घ्या, प्रीहीट केल्यावर कमी अन न केल्यावर जास्त असं दोन वेगळं दिलेलं असतं. कार्ब्युरेटरच्या इंजिनाला थ्रॉटल पंप करत बसू नका, पेट्रोल खाली साचतं आणि उलट भडका आला की आग. आग लागलीच तर क्रँक करणं थांबवायचं नाही, इंजिन ज्वाळा आत ओढून घेतं, चालू नाहीच झालं तर मिक्स्चर (पेट्रोल-हवेच्या प्रमाणाचा लिव्हर) बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, फ्युएल बंद आणि बाहेर पडा. ही ड्रिल तोंडपाठ पाहिजे. स्टार्टर दहा सेकंदांच्या वर नको, मधे विसावा द्या. आणि दोन-तीनदा जरा फुरफुर करून बंद पडलं, दर वेळी जोर कमी कमी होत गेला, तर समजा स्पार्क प्लगवर दव गोठलंय. जळलेल्या पेट्रोलात पाणी तयार होतं तेच गार प्लगवर जाऊन बसतं. आता कितीही प्रयत्न केला तरी फक्त बॅटरी उतरणार. उतरा आणि पुन्हा प्रीहीट लावा.

चालू झालं की नजर ऑइल प्रेशरवर. उन्हाळ्यात ३० सेकंदात काटा हलला पाहिजे, कडक थंडीत त्याच्या दुप्पट वेळ चालतो, तेवढ्यात नाही आला तर लगेच बंद करा, वाट बघू नका. आरपीएम १००० च्या आसपास ठेवा. चालू झाल्या झाल्या १५०० वर नेऊन लवकर गरम करू असं डोक्यात येतं, पण तेल सगळीकडं पोचायच्या आधीच दिलेला तो जोर बेअरिंगलाच खातो. प्रेशर चढून एकदम घसरायला लागलं किंवा खूपच वर अडकलं तर ऑइल कूलर नाहीतर पाइपात तेल बसलंय, बंद करा. थोड्या वेळानं थ्रॉटल हळूहळू दोन-तीनदा वर नेऊन बघा, न अडखळता उचलत असेल आणि प्रेशर स्थिर असेल तर रनअपला म्हणजे टेकऑफआधीच्या इंजिन तपासणीला जा. तेलाच्या तापमानाचा काटा हिरव्यात नसेल तरी इंजिन गुळगुळीत चालत असेल तर सेसनाचं पुस्तक टेकऑफला परवानगी देतं, पण रोटॅक्स ९१२ इंजिनाच्या विमानावर शिकत असाल तर तिथं तेल ५० अंश झाल्याशिवाय टेकऑफ नाही.

केबिन हीटर लावाल तेव्हा कार्बन मोनॉक्साइड डिटेक्टर बघा, कारण ती गरमी एक्झॉस्टच्या पाइपाभोवतून येते आणि पाइपाला चीर असेल तर विषारी हवा सरळ आत. डोकं दुखायला लागलं, झोप यायला लागली तर हीटर बंद, खिडकी उघडा, उतरा.

स्लॉटचं म्हणजे विमान मिळायच्या ठरलेल्या वेळेचं पण बोलायला पाहिजे, कारण खरी अडचण तिथंच असते. तासाचे पैसे डॉलरमधे, घरी बापानं कर्ज काढलेलं, नाहीतर वावर विकलेलं, आणि सकाळी ८ चा स्लॉट प्रीहीटमधे अर्धा गेला की जीव खालीवर होतो, मग दहा मिनिटं हवा मारून झालं म्हणायचा मोह होतो. त्याला उपाय एकच, आदल्या संध्याकाळी स्वतः जाऊन प्लग लावलाय का बघा, दुसऱ्यानं लावला असेल असं समजू नका, आणि प्लगमधे खरंच करंट आहे का ते हीटरच्या लाइटवरून किंवा समपला अर्ध्या तासानं हात लावून बघा. शाळेकडून प्रीहीट नीट होत नसेल तर चीफ इन्स्ट्रक्टरला लेखी सांगा. विद्यार्थी असलात तरी विमान नाकारायचा हक्क तुमचा आहे, तो वापरल्यानं कोणी तुम्हाला नापास करत नाही.

फ्लाइटवरून आलात की बंद केल्या केल्या इंजिन गरम असतानाच भोकांत फोम आणि वर रजई टाका, ती गरमी दोन-तीन तास सहज टिकते अन पुढच्याचं काम वाचतं. प्लग लावला की त्याची वायर दाराच्या हँडलवरून घ्या म्हणजे सकाळी ती काढल्याशिवाय आत बसताच येणार नाही, कारण वायर लावलेल्या अवस्थेत स्टार्ट केलेली विमानं पण असतात. आणि लाल फीत असलेले फोमचे प्लग किती आहेत ते मोजून काढा, दोन घातले असतील तर दोन हातात आले पाहिजेत.